शाळेला टीव्ही घ्यायचा की टॅब?

(दृश्य – जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा, सतरंजीवर बसलेले पालक, मधे पसरलेली माहितीपत्रकं)

शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग चाललीय. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी. गावानं वर्गणी काढली, पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी गणपतीला आल्यावर त्यात भर घातली, आणि आता धरून चला शाळेकडे लाखभर रुपये जमलेत. शेजारच्या गावात मोठा इंटरॲक्टिव पॅनल, म्हणजे बोटानं चालवायचा भिंतीवरचा मोठा टीव्ही, आलाय त्यामुळे पालकांना तोच हवाय, सरांना टॅब हवेत, आणि बाई म्हणतायत की आधी लाईटचं काय ते बघा.

गावोगावच्या शाळांत आज हाच विषय आहे. पैसा जमतो, माणसं मनापासून देतात, पण नक्की काय घ्यायचं हे ठरवायला मदत कुणाची होत नाही, येतो तो फक्त डीलर. आणि डीलरनं डेमो दिला की पॅनल छानच दिसतो, सूर्यमाला फिरते, बेडकाचं हृदय धडधडतं, पोरं टाळ्या वाजवतात. पण त्या टाळ्यांवर लाख रुपये ठरवू नका, एवढंच आम्ही या व्हिडिओत कळकळीनं सांगणार आहोत. आधी पोरं कुठे अडलीत ते शोधा, वस्तू त्यानंतर.

(दृश्य – पाचवीचा वर्ग, फळ्यावर दोन अपूर्णांक)

हे बघा. बाईंनी फळ्यावर एक छेद चार आणि एक छेद आठ लिहिलंय आणि विचारलंय, मोठा कुठला? दुसऱ्या ओळीतली मुलगी पटकन म्हणते एक छेद आठ, आणि आजूबाजूची चार-पाच पोरंही मान डोलावतात, कारण आठ हा चारपेक्षा मोठा. आता ही चूक आळशीपणाची नाहीये, त्या पोरीनं डोकं चालवलंय, तिचा नियम आतापर्यंतच्या सगळ्या संख्यांना लागू पडत आलाय, फक्त इथे तो लागू होत नाही.

आता हिला काय द्यायचं? अपूर्णांकाचा सुंदर ॲनिमेशनवाला व्हिडिओ लावला तर ती बघेल, हो म्हणेल, आणि उद्या परत एक छेद आठच मोठा सांगेल, कारण व्हिडिओनं तिला काही विचारलंच नाही. बाईंनी काय केलं तर रद्दीतल्या कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या दिल्या. एकीच्या घड्या घालून चार भाग कर, दुसरीचे आठ कर, आणि एकेक भाग शेजारी ठेव. मुलगी ठेवते, बघते, आणि परत एकदा ठेवते. खर्च शून्य.

मग तंत्रज्ञान नकोच का? तसं नाही. कागदाच्या पट्टीचे आठ भाग सहज होतात, पण सात सारखे भाग करून बघा. तिथे फेट नावाची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर स्वतः करून बघायचे प्रयोग, आहेत, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठानं बनवलेली, फुकट आहेत, बरीचशी मराठीतही आहेत आणि एकदा डाउनलोड केली की नेट नसतानाही चालतात. त्यात पोरगं स्वतः छेद वाढवतं, भाग बारीक होताना बघतं, चुकतं, परत करतं. हाताने करण्याची पायरी जिथे संपते तिथून पुढे स्क्रीन घेतली तर तिचा उपयोग होतो. मोठ्या वर्गांना भूमितीसाठी जिओजेब्रा आहे, आकाश दाखवायला स्टेलेरियम आहे, तेही फुकट. म्हणजे सॉफ्टवेअरला पैसे मोजायच्या आधी फुकटातलं काय आहे ते कुणीतरी एक संध्याकाळ बसून बघायलाच हवं.

वस्तू हाताशी असेल ती वापरायची, हे आपल्याकडे कुणी बाहेरून शिकवायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत खडे, बिया, शिंपले, पानं घेऊन बालशिक्षण उभं केलं, पोरं गुरं चारायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्तांनी आगपेट्या, स्ट्रॉ, जुन्या सायकल ट्यूबमधून विज्ञानाची खेळणी केली आणि ती सगळ्या जगाला नेटवर फुकट देऊन टाकली. ही पण शैक्षणिक तंत्रज्ञानाची निवडच आहे, आणि फार विचारपूर्वक केलेली.

(दृश्य – जुना टीव्ही, मग पांढरा-हिरवा छोटा लॅपटॉप)

आता जरा मागे जाऊ, कारण हे सगळं आज पहिल्यांदा होत नाहीये. 1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम बनवणारी राज्याची संस्था, ज्यांचं बालपण ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलं त्यांना दूरदर्शनवरचे ते कार्यक्रम आठवत असतील. फार मेहनतीनं केलेलं काम होतं ते. पण प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असायची, वर्गातला धडा वेगळ्याच पानावर असायचा, आणि पोराला कळलं नाही म्हणून टीव्ही थांबवता यायचा नाही. 2017 मध्ये ती संस्था बंद झाली.

दुसरं उदाहरण कर्जतजवळच्या खैराटचं. रायगड जिल्ह्यातली धनगरवाड्याची एकशिक्षकी शाळा, आणि 2007 मध्ये तिथे 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतला भारतातला सुरुवातीचा प्रयोग झाला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटे यांची ही कल्पना, शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून गाजलेली, प्रत्यक्षात किंमत त्याहून बरीच वर गेली. पोरांना तो आवडला यात शंका नाही. पण हीच योजना दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं फार मोठ्या प्रमाणावर राबवली आणि 2012 मध्ये तिथल्या 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास बाहेर आला. लॅपटॉप पोचले होते, वापरलेही जात होते, पण गणितात आणि भाषेत पोरांची प्रगती वाढल्याचं काही दिसलं नाही. तर्कशक्तीच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला, तो नाकारायचं कारण नाही. पण लॅपटॉप हातात देऊन शिकवणं तेच राहिलं तर गणित आपोआप सुधारत नाही, एवढं तिथे स्वच्छ दिसलं.

याच्या उलट दिल्लीचं उदाहरण आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या, शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांचा अभ्यास झाला, 2019 मध्ये तो छापून आला. तिथे आधी मुलांची पातळी तपासली तेव्हा कळलं की सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे आहे. म्हणजे शिक्षक सहावीचं शिकवतायत आणि पोरगं तिसरी-चौथीत अडकलंय, रोज वर्गात बसतंय आणि रोज काहीच कळत नाहीये. सॉफ्टवेअरनं काय केलं तर प्रत्येकाला तो जिथे आहे तिथून प्रश्न दिले. साडेचार महिन्यांत गणितात चांगली वाढ झाली, हिंदीतही झाली. पण जाहिरातवाले यातली अर्धीच गोष्ट सांगतात. तिथे दीड तासाच्या बैठकीत अर्धा वेळ स्क्रीनवर जायचा आणि उरलेला अर्धा वेळ एक माणूस छोट्या गटाला शिकवायचा. माणूस काढून टाकलेला नव्हता.

(दृश्य – परितेवाडीचा रस्ता, पुस्तकाच्या पानावरचा क्यूआर कोड)

आणि आपल्याच सोलापूर जिल्ह्यातलं परितेवाडी. रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी शिक्षकांत वाटली, हे सगळ्यांना माहितीये. क्यूआर कोडही माहितीये. पण क्यूआर कोड का, हे कमी लोकांना माहितीये. तिथल्या पोरांना पुस्तक परकं वाटायचं. गुरुजींनी गाणी, व्हिडिओ, स्वाध्याय पुस्तकाच्या पानालाच जोडून दिले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर कोड आले, 2017 पासून देशभरासाठी सरकारचं दीक्षा ॲप आलं. म्हणजे अडचण आधी सापडली, मग घरात आहे त्याच फोनवर चालेल असं काहीतरी शोधलं गेलं. नुसता कोड उचलला आणि अडचण शोधलीच नाही तर तो कोड कुणी स्कॅन करत नाही.

(दृश्य – पत्र्याचं छप्पर, जोरदार पाऊस, आवाज वाढत जातो)

ऐकताय? जुलै महिना, पत्र्याचं छप्पर. या आवाजात बाई ओरडून बोलल्या तरी शेवटच्या ओळीपर्यंत पोचत नाही, तर टीव्हीचा स्पीकर काय पोचणार. डेमो मात्र नेहमी कोरड्या दिवशी होतो. प्रोजेक्टर घेतला तर उजेडात चित्र पुसट होतं, म्हणून खिडक्या लावायच्या, मग उकडतं आणि वहीत लिहायलाही दिसत नाही. 32 इंची टीव्हीवर पुस्तकाचं पान लावलं तर मागच्या पोरांना जोडाक्षरं वाचताच येत नाहीत. म्हणून पैसे द्यायच्या आधी वस्तू आपल्या वर्गात आणून, दुपारच्या उजेडात, सगळी पोरं बसवून लावा आणि सगळ्यात मागच्या पोराला मोठ्याने वाचायला सांगा. वाचलं तर पुढे बोलायचं, नाही वाचलं तर तो साईझ आपल्या कामाचा नाही.

लाईटचं बाईंनी काढलं ते खरंच सगळ्यात मोठं आहे. बिल कोण भरणार, कुठल्या पैशातून भरणार हे ठरलेलं नसतं आणि थकलं की कनेक्शन कापलं जातं, मग पॅनल भिंतीवर नुसता लटकतो. इन्व्हर्टर घेतला तर काही वर्षांत त्याची बॅटरी बदलावी लागते, स्टॅबिलायझर नसेल तर व्होल्टेजनं बोर्ड उडतो. लाखातले सगळेच्या सगळे पैसे वस्तूवर घालवले की या खर्चाला काही उरत नाही, आणि दुसऱ्यांदा वर्गणी मागायला जीभ रेटत नाही.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनाच कळेल. वस्तू आली की तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या वहीत, होते आणि ती मुख्याध्यापकांच्या जबाबदारीवर जाते. फुटलं, चोरीला गेलं तर उत्तर कोण देणार? म्हणून टॅब कपाटात कुलूपबंद राहतात, त्यात सरांचा दोष नाही, भीती खरी आहे. समितीनं आधीच ठराव करून लिहून घ्यावं की रोजच्या वापरात खराब झालं तर शिक्षकाकडून वसुली नाही, दुरुस्ती समिती बघेल. तेवढ्या एका ठरावानं टॅब पोरांच्या हातात येतात. आणि बदली! एक हौशी गुरुजी सगळं उभं करतात, मे-जूनमध्ये बदली होते, आणि नव्या बाईंना पासवर्डही माहीत नसतो. दोन शिक्षकांना आणि पाचवीतल्या चार पोरांना तरी सगळं चालवता यायला हवं, पोरं फार लवकर शिकतात.

द्विशिक्षकी शाळेत तर एक शिक्षक एकावेळी दोन-तीन इयत्ता सांभाळतो. तिथे ज्या वस्तूजवळ शिक्षकाला सतत उभं राहावं लागतं ती फार अडचणीची ठरते. चार-पाच टॅब असले, त्यात ऑफलाईन साहित्य असलं, तर तिसरीचा गट टॅबवर बसतो आणि तेवढ्यात बाई पाचवीकडे वळतात. इथे मला सरांचं म्हणणं पटतं, पॅनलपेक्षा टॅब. पण वर्ग मोठा असेल, एकच इयत्ता असेल, शिक्षक चर्चा घडवून आणणारे असतील, तर एक चांगली मोठी स्क्रीन जास्त उपयोगी पडेल. शेजारच्या गावाला जे लागू पडलं ते आपल्याला लागू पडेलच असं नाही.

(दृश्य – एक मुलगा कानाला हेडफोन लावून कीबोर्डवर)

एका बाबतीत मात्र घासाघीस करू नये. वर्गात अंध किंवा दृष्टी अधू असलेलं मूल असेल तर त्याच्यासाठीचं तंत्रज्ञान यादीत पहिलं. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 2006 मध्ये त्याची सुरुवात केली, तो मराठी मजकूरही वाचून दाखवतो. जुना कॉम्प्युटर आणि एक हेडफोन एवढ्यावर ते पोरगं स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय वाचायला लागतं.

घरच्या फोनचंही बोलायला हवं. असर 2024 च्या ग्रामीण पाहणीत 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो, त्यातले आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरलेले 57 टक्के, आणि सोशल मीडियासाठी 76 टक्के. म्हणजे फोन द्या की पोरं आपोआप शिकतील हे होत नाही. आणि फुकट ॲप घेताना ते पोरांचं नाव, नंबर, फोटो कशाला मागतंय हे विचाराच. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती घ्यावी आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत अशी तरतूद आहे. डीलर म्हणेल आमच्या ॲपनं निकाल वाढतो. युनेस्कोच्या 2023 च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की शैक्षणिक तंत्रज्ञानाबद्दल भक्कम पुरावा कमी आहे आणि जो आहे त्यातला बराचसा विकणाऱ्यांकडूनच येतो. तेव्हा डीलरला विचारा, आमच्यासारख्या कुठल्या शाळेत दोन वर्षं झाली, तिथल्या बाईंचा नंबर द्या. नंबर मिळाला की खरंच फोन करा.

(दृश्य – परत मीटिंग, वहीत ठराव लिहिणं चालू)

या मीटिंगमध्ये आम्हाला विचारलं तर आम्ही असं सांगू. आज काहीच घेऊ नका. पुढचे पंधरा दिवस सर आणि बाई मिळून प्रत्येक पोराला एक परिच्छेद वाचायला देतील, वजाबाकी-भागाकार घालून बघतील, आणि कोण कुठे अडलंय ते एका कागदावर येईल. तो कागद पुढच्या मीटिंगला सगळ्या पालकांसमोर वाचायचा. मग पाच टॅब, एक इन्व्हर्टर, फुकट साहित्य भरलेलं एक मेमरी कार्ड असं काहीतरी ठरेल, किंवा कदाचित ठरेल की आधी गोष्टींची पुस्तकंच हवीत, तेही चालेल. उरलेल्या पैशातले पंधरा-वीस हजार बिलासाठी आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा आणि ठरावात तसं लिहा. आणि सहा महिन्यांनी, दिवाळीनंतरच्या सत्रात, त्याच पोरांना तोच परिच्छेद आणि तीच गणितं परत द्या. फरक पडला नसेल तर आणखी टॅब घ्यायचे नाहीत.