सॉल्टेअर: एका गिरणगावाची बांधणी

श्रोतेहो, नमस्कार. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लंडमधील इमारती म्हटल्या की चर्च, नगरभवने आणि रेल्वे स्थानके यांचीच चर्चा बहुधा होते. आज मी यॉर्कशायरमधील सॉल्टेअर या गिरणगावाविषयी बोलणार आहे, कारण तेथे मालकाची गिरणी आणि कामगाराचे घर एकाच आराखड्यातून उभे राहिले.

टायटस सॉल्ट हा ब्रॅडफर्डचा कारखानदार. अल्पाका या दक्षिण अमेरिकी प्राण्याच्या लोकरीचे कापड विणून तो श्रीमंत झाला. १८४८ मध्ये त्याच्याकडे शहराचे महापौरपद आले आणि पुढच्याच वर्षी पटकीच्या साथीने त्या धुरकट, दाटीवाटीच्या शहरात शेकडो बळी घेतले. आपले विखुरलेले कारखाने एका जागी आणण्यासाठी त्याने शहराबाहेर, एअर नदीच्या खोऱ्यात, लोहमार्ग आणि कालवा यांच्या मधली जागा निवडली, म्हणजे कोळसा आणि लोकर यांची आवक आणि कापडाची जावक दारातूनच होणार होती.

लॉकवूड आणि मॉसन या वास्तुविशारदांनी आखलेली ही गिरणी २० सप्टेंबर १८५३ रोजी, सॉल्टच्या पन्नासाव्या वाढदिवशी, सुरू झाली. तिचा ५४५ फूट लांबीचा दर्शनी भाग इटलीतील एखाद्या राजवाड्यासारखा आहे. मागच्या विणकामाच्या शेडमध्ये मात्र थाटाला जागा नाही. तिच्या करवतदाती छपराच्या काचा उत्तरेकडे आहेत, कारण त्या बाजूने येणारा प्रकाश दिवसभर एकसारखा राहतो आणि मागावरचा तुटलेला धागा चटकन दिसतो. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या श्रोत्यांना असे छप्पर निराळे समजावून सांगायला नको. यंत्रे फिरवणारे बरेचसे दांडे जमिनीखाली घेतल्यामुळे वर गोंगाटही कमी झाला आणि अपघातांचा धोकाही.

गिरणीसमोरच्या उतारावर आठशेहून अधिक दगडी घरे बांधली गेली. रस्त्यांना सॉल्टच्या पत्नीची आणि मुलांची नावे मिळाली. प्रत्येक घराला पाणी, गॅस, मागचे अंगण आणि स्वतंत्र शौचकूप होते, आणि त्या काळच्या कामगारवस्त्यांच्या मानाने ही चैनच म्हणावी लागेल. घरे मात्र सारखी नव्हती. मुकादमांची घरे मोठी आणि उंच असल्यामुळे नुसत्या दर्शनी भिंतीवरून राहणाऱ्याचा हुद्दा कळे. गावात चर्च होते, रुग्णालय होते, धुण्यासाठी सार्वजनिक धुलाईघर होते. दारूचा गुत्ता तेवढा नव्हता. मालकाचे औदार्य आणि मालकाचा धाक यांची सरहद्द येथे शोधू गेल्यास, माझ्या मते, सापडत नाही.

१८६८ मध्ये कालव्यापलीकडे नवी गिरणी उभी राहिली. तिचे धुराडे व्हेनिसमधील सांता मारिया ग्लोरिओसा चर्चच्या घंटाघराच्या नमुन्यावर बांधले होते. कोळशाचा धूर ओकणाऱ्या नळकांड्यालाही देवळाच्या मनोऱ्याचा पोशाख चढवावा, असे त्या पिढीला वाटले. १९८६ मध्ये मुख्य गिरणीतील कापडाचे उत्पादन थांबले आणि पुढच्याच वर्षी तेथे चित्रदालन सुरू झाले. समोरच्या दगडी घरांत लोक अजून राहतात.