नव्या कॉम्प्युटरवर जुना हात

नमस्कार श्रोतेहो. कॉम्प्युटर बदलताना फोटोंबरोबर आणखी काय काय न्यायचं, ते आज बोलू.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर ज्यांनी कॅमेरा घेऊन उभं राहायची धडपड केली आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. सासनकाठ्या नाचत येतात, 'चांगभलं'चा गजर होतो, गुलाल-खोबरं उधळलं जातं आणि सगळा डोंगर गुलाबी होऊन जातो. पण डोळ्यांना दिसतं तसं ते फोटोत येत नाही. गुलाल इतका भडक असतो की फोटोत लाल रंगाची हद्दच संपते. कपाळावरचा गुलाल, खांद्यावरचा, हवेत उडालेला, सगळ्यांचा मिळून एकच सपाट डाग होतो. भडकपणा उतरवायला जावं तर माणसांचे चेहरे फिके पडतात, कारण आपल्या कातडीतही लाल आणि नारिंगी असतोच. तीन यात्रांचे फोटो समोर ठेवून मी लाइटरूममध्ये, म्हणजे फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये, हा मेळ बसवला होता. किरमिजी बराच खाली, लाल थोडासाच, नारिंगीला हात लावायचा नाही. त्या मापांचं एक प्रीसेट करून ठेवलं होतं. नाव दिलं होतं 'जोतिबा'.

कॉम्प्युटर बदलला तेव्हा फोटो सगळे आणले, एकूण एक. ते प्रीसेट आणायचं राहिलं, आणि जुन्या कामाची नोंद ज्यात असते तो कॅटलॉगही राहिला. जुनी डिस्क मी स्वतःच्या हातानं पुसली होती. पुढच्या यात्रेचे फोटो उघडले तेव्हा लक्षात आलं की तीन वर्षांचा हात तिकडंच राहिला.

म्हणून आज हा विषय घेतलाय. लग्नसराई संपली की कोल्हापूरच्या राजारामपुरीपासून गडहिंग्लजपर्यंत बरेच स्टुडिओवाले नवा कॉम्प्युटर घेतात, आणि 'फोटो कॉपी केले, झालं काम' असं समजतात. फोटो म्हणजे घरातलं सामान. बिऱ्हाड हलवताना सामान टेम्पोत चढतंच. राहतं ते फडताळाच्या कोपऱ्यातलं.

कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

लाइटरूम क्लासिक वापरत असाल, तर पहिली गोष्ट म्हणजे कॅटलॉग. त्यात फोटो नसतात. फोटो कुठं ठेवलाय आणि त्यावर तुम्ही काय काय केलंय, एवढी नोंद असते. बहुतेकांचा तो 'पिक्चर्स'मधल्या 'लाइटरूम' नावाच्या फोल्डरमध्ये सापडतो. फाइलच्या नावाशेवटी डॉट एल-आर-कॅट असतं. आधी लाइटरूम बंद करा, मगच तो फोल्डर कॉपी करा. प्रिव्ह्यूचं, म्हणजे फोटोंच्या नमुना-चित्रांचं, फोल्डर फार मोठं असेल तर सोडलं तरी चालतं, नव्या कॉम्प्युटरवर ते पुन्हा तयार होतं. मात्र तिथं लाइटरूमची तीच किंवा त्यापुढची आवृत्ती हवी. नव्या आवृत्तीतला कॅटलॉग जुनीत उघडत नाही.

दुसरी गोष्ट, प्रीसेट. विंडोजवर हे लपवलेल्या फोल्डरात असतात, शोधायला गेलं तर दिसतच नाहीत. शोधू नका. 'एडिट'मध्ये 'प्रेफरन्सेस', त्यात 'प्रीसेट्स' उघडा. डेव्हलप प्रीसेट दाखवणारं बटण तिथंच आहे. दाबलं की नेमकं फोल्डर समोर येतं. शेजारच्या बटणानं बाकीचे उघडतात, म्हणजे वॉटरमार्क, एक्सपोर्टची मापं वगैरे. दोन्ही घ्या.

आता जिथं माणूस घाबरतो तिथं येऊ. नव्या कॉम्प्युटरवर कॅटलॉग उघडला की फोल्डरांवर प्रश्नचिन्हं दिसतात आणि वाटतं, गेलं सगळं. काही गेलेलं नसतं. जुन्या कॉम्प्युटरवर तुमची बाहेरची डिस्क 'ई' होती, इथं ती 'एफ' झाली, एवढंच. सगळ्यात वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' म्हणा आणि नवी जागा दाखवा, खालचे आपोआप जुळतात. फोल्डर डिलीट करून फोटो परत इम्पोर्ट करू नका, तसं केलंत तर त्यावरची मेहनत खरोखरच जाईल.

अल्बम करणाऱ्यांचा जीव फोटोशॉपच्या ॲक्शनमध्ये, म्हणजे एका क्लिकवर चालणाऱ्या, नोंदवून ठेवलेल्या पायऱ्यांमध्ये असतो. ॲक्शन पॅनलच्या मेनूत 'सेव्ह ॲक्शन्स' आहे, पण ते अंधुक दिसतं, दाबलं जात नाही, अशी तक्रार मला नेहमी ऐकू येते. एक ॲक्शन निवडलेलं असतं म्हणून तसं होतं. ते ॲक्शन ज्या संचात आहे तो अख्खा संच निवडा, लगेच चालू होतं. फॉन्टही विसरू नका. 'शुभविवाह' ज्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलंय तो नव्या कॉम्प्युटरवर नसेल, तर फाइल उघडतानाच फॉन्ट नसल्याची सूचना येते.

एक गोष्ट मात्र नेऊ नका, ती म्हणजे जुन्या मॉनिटरचं रंगाचं प्रोफाइल. ते त्या पडद्यापुरतंच असतं. पडदा नवा घेतला असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे पडद्याचे रंग जुळवणं, नव्यानंच करायला हवं. प्रिंटर आणि कागद तेच असतील, तर त्यांचं प्रोफाइल चालतं.

हे सगळं मिळून एका साध्या पेन ड्राइव्हवर मावतं. एक प्रत दुकानात, एक घरी ठेवा, आणि तीही वरच्या मजल्यावर. 2019 च्या पुरात व्हीनस कॉर्नरला पाणी कुठवर आलं होतं ते आपण पाहिलंय, आणि 2021 मध्ये पंचगंगा पुन्हा चढलीच.

जुना कॉम्प्युटर विकायची घाई नको. निदान पंधरा दिवस दोन्ही शेजारी असू द्या. तुमचं सगळ्यात अवघड काम असलेला एक फोटो दोन्हीकडं उघडा. माझा तो गुलालाचाच असतो. सासनकाठी धरलेला एक म्हातारा आहे, भुवयांतसुद्धा गुलाल भरलेला. मी त्याच्या भुवया बघतो. गुलालातून त्याचे पांढरे केस वेगळे दिसले, की मग जुन्या कॉम्प्युटरची वायर काढतो.

नमस्कार.