समुद्रकाठचा 'पीटर ग्राइम्स'

श्रोतेहो, नमस्कार. 2013 साली, संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या जन्मशताब्दीला, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ऑल्डबरा गावी त्यांचा 'पीटर ग्राइम्स' हा इंग्रजी ऑपेरा थेट समुद्रकाठी, गोट्यांच्या किनाऱ्यावर झाला. मार्गारेट विल्यम्स यांनी त्याचा चित्रपट केला. आज त्याबद्दल.

पण हा ऑपेरा जन्मला कशातून, ठाऊक आहे? रेडिओवरच्या भाषणातून. हो, रेडिओवरच्या भाषणातून!

1941 चा उन्हाळा. इंग्लंडवर युद्धाचं सावट, आणि संगीतकार ब्रिटन, गायक पीटर पिअर्स यांच्यासह, दूर कॅलिफोर्नियात. तिथे त्यांच्या हाती बीबीसीच्या 'लिसनर' साप्ताहिकाचा अंक आला. त्यात कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांचं एक भाषण छापलेलं होतं. विषय होता जॉर्ज क्रॅब, ऑल्डबऱ्यात जन्मलेला जुना कवी. ब्रिटन त्याच किनाऱ्यावरचे, लोस्टॉफ्टचे. वाचता वाचता आपण कुठले, हे त्यांना लख्ख कळलं. मग क्रॅबची कविता शोधली, तिच्यात ग्राइम्स नावाचा कोळी भेटला. युद्ध चालू असतानाच, 1942 च्या मार्चमध्ये, ब्रिटन आणि पिअर्स अटलांटिक ओलांडून इंग्लंडला परतायला बोटीत चढले. 7 जून 1945 ला लंडनच्या सॅडलर्स वेल्समध्ये पहिला प्रयोग झाला. ग्राइम्स झाले होते पिअर्स. एक भाषण कुठल्या कुठे पोचलं! आणि पोचलं ते छापलं होतं म्हणून. माझं तर ठाम मत आहे, आकाशवाणीवरची उत्तम भाषणंही नियमित छापली जावीत. हवेत विरू देऊ नयेत.

असो. कथा थोडक्यात: ग्राइम्सच्या हाताखालचा पोरगा समुद्रावर दगावतो. चौकशीत मृत्यू अपघाती ठरतो, पण गाव ते मानत नाही. दुसरा पोरगा कड्यावरून पडतो, आणि गाव ग्राइम्सच्या मागे लागतं.

किनाऱ्यावरच्या प्रयोगात वाद्यवृंद आधी ध्वनिमुद्रित केलेला होता. गायक मात्र भर वाऱ्यात प्रत्यक्ष गायले. वाद्यवृंद मुद्रित, गायन प्रत्यक्ष. ॲलन ओक यांचा ग्राइम्स गातो तेव्हा त्याच्या मागे पडदा नाही, खराखुरा उत्तर समुद्र आहे. बंद नाट्यगृहात हे मिळणं नाही.

चित्रपट पाहाल तेव्हा तिसऱ्या अंकाकडे कान द्या. ग्राइम्सचं भान सुटतं तिथे वाद्यवृंद जवळजवळ गप्प होतो. उरतात फक्त गावकऱ्यांच्या लांबून येणाऱ्या हाका आणि धुक्यातला भोंगा. तेवढा भाग हेडफोन लावून ऐका. नमस्कार.