दौंडचा विसर्ग आणि हिमालयातला बर्फ

नमस्कार मंडळी!

जुलै लागला की सोलापुरात सकाळी एकच चौकशी असते : दौंडचा विसर्ग किती, म्हणजे दौंडपाशी भीमेतून किती पाणी वाहतंय? इथं पावसाचा टिपूस नसतो आणि उजनी धरण चढत असतं. ते पाणी पडलेलं असतं तिकडं सह्याद्रीच्या माथ्यावर. आपलं पाणी कायम दुसऱ्याच्या डोंगरावर, म्हणून मला पाणलोटाची मोजणी हा जिव्हाळ्याचा विषय वाटतो.

आता हिमालयात चला. सतलजच्या पाणलोटात हिवाळ्यात पडलेलं पाणी लगेच वाहत नाही, बर्फ होऊन वरच थांबतं. ऊन तापलं की उतरतं, आणि भाक्रा धरणात येणाऱ्या पाण्यात त्याचा मोठा वाटा असतो. मग वर किती साठलंय, हे आधी कळणार कसं? साधं पर्जन्यमापक तिथं कमी पडतं. वाऱ्यानं हिमकण भांड्यावरून उडून जातात.

(पडद्यावर : उपग्रहाचं छायाचित्र)

बर्फाचा पसारा उपग्रह दाखवतो. टेरा उपग्रहावरचं मोडिस उपकरण २००० सालापासून हे काम करतंय. ढगही पांढरे, बर्फही पांढरा, पण एका विशिष्ट अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशात बर्फ काळपट दिसतो आणि ढग बहुधा उजळच राहतात. तेवढ्यावरून दोघं वेगळे काढता येतात. ढगाखालचा बर्फ मात्र दिसत नाही. मग आठ-आठ दिवसांची चित्रं एकत्र करून त्या जागा भरून काढतात.

पण खरी गोम पुढं आहे. कापसाचा ढीग नुसता बघून कुणी भाव ठरवतं का? काट्यावर घालावाच लागतो. बर्फाचंही तसंच. ताजा भुसभुशीत बर्फ १० सेंटिमीटर असला, तर वितळून साधारण १ सेंटिमीटर पाणी. तोच दबून जुना झाला की तेवढ्याच जाडीत ४ सेंटिमीटर, कधी त्याहून जास्त. म्हणून बर्फ तोलतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नेवाडा राज्यात जेम्स चर्च नावाचे प्राध्यापक पोकळ नळी बर्फात तळापर्यंत खुपसायचे आणि आतल्या बर्फासकट तिचं वजन करायचे. त्यावरून ताहो सरोवराची पातळी किती चढेल, ते आधी सांगायचे. शिकवायचे लॅटिन, बरं का! आता न गोठणारं द्रावण भरलेली मोठी चपटी गादी जमिनीवर अंथरतात. वर बर्फ साठेल तसा आतला दाब वाढतो आणि तो आकडा आपोआप डोंगराखाली कळवला जातो. शेजारी तापमान, वारा आणि उन्हाची नोंद, कारण बर्फ कधी सुटणार ते त्यावर ठरतं.

आणि याचा आपल्याशीही संबंध जोडला गेलाय. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी १८८४ मध्ये मांडलं, की हिमालयात बर्फ जास्त तर पुढचा मान्सून कमजोर. दर वर्षी हे जुळत नाही. तरी देशातले पहिले मान्सून अंदाज त्या बर्फावर बेतलेले होते, आणि तेव्हा उपग्रह नव्हता, होत्या त्या डोंगरातून येणाऱ्या नोंदी.

पुढच्या भागात आपल्या भीमेच्या पाणलोटातली पर्जन्यमापकं बघू.