तिकडे तुझ्याशी खेळायला कोण आहे?

मंडळी, पाडव्याच्या शुभेच्छा. निवृत्तीनंतर गावी परतावं की नाही, यावर बोला, असा आपल्या इथल्या, अमेरिकेतल्या मंडळाचा निरोप आला तेव्हा मी दापोली तालुक्यात आमच्या गावी होतो, शिमग्याला. तिथे पडवीत बसून टिपणं काढली. एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. तो कागद आत्ताही खिशात आहे. पण गेल्या आठवड्यात परत आलो आणि विमानतळावरून घरी येताना नातवाने गाडीत एक प्रश्न विचारला. तेव्हापासून माझं त्या कागदाकडे लक्ष लागत नाही.

तो आठ वर्षांचा आहे. घरात मोठ्यांचं काय चाललंय ते त्याला बरोबर कळतं. म्हणाला, "आजोबा, तू तिकडे राहायला जाणार ना? मग तिकडे तुझ्याशी खेळायला कोण आहे?"

मी म्हटलं, पुष्कळ जण आहेत.

"नावं सांग."

मी करंगळीपासून सुरुवात केली. ज्यांच्याबरोबर सूरपारंब्या खेळलो, खाडीत पोहायला शिकलो, त्यांतला एक २०२१ साली कोविडमध्ये गेला. दोघे विरारला मुलांकडे असतात, गणपतीपुरते येतात. एक गावातच आहे, पण त्याला आता दिसत नाही, माझा आवाज ओळखायलाही त्याला वेळ लागला. आणि एक हर्णैचा, त्याच्याविषयी पुढे सांगतो. खेळायला असलेल्यांची पाच बोटं पुरी झाली नाहीत. नातू वाट बघत होता. मी त्याला खिडकीबाहेरचा बर्फ दाखवला.

माझे वडील मुंबईला गोदीत होते. पस्तीस वर्षं मे महिन्यात आणि गणपतीला ते गावी यायचे, आधी बोटीने, मग एसटीने. हर्णैला बोट लांब उभी राहायची, पडावातून किनाऱ्याला यायचं, आणि पाण्यात उतरण्याआधीच कोणीतरी हात पुढे केलेला असायचा. १९८८ साली ते निवृत्त झाले, त्याच महिन्यात ट्रंका घेऊन गावी गेले. पुढच्या वर्षी देवळाच्या कमिटीत होते. त्यांना कोणी विचारलं नाही की तुम्ही कोण, किती दिवस राहणार. निवृत्ती म्हणजे अशी, हेच माझ्या मनात बसलं होतं.

पण ते चाकरमानी म्हणून गेले होते. मी परदेशी म्हणून जाणार आहे. हा फरक मला यंदा प्रथमच अंगाला लागला.

आपल्यातल्या बहुतेकांकडे ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड आहे. त्यावर आपण किती विसंबून आहोत! आजन्म व्हिसा आहे, कितीही वर्षं राहा, पोलिसांकडे नोंद नको. हे सगळं खरं आहे. पण नावात 'सिटिझन' असलं तरी ते नागरिकत्व नव्हे. १९५५च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे आपण इथली शपथ घेतली त्या दिवशी तिकडचं नागरिकत्व संपलं. यंदा गावात नळपाण्याच्या योजनेवर ग्रामसभा होती. मी उठून बोललो, सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं. ठरावावर सह्या करताना एका मुलाने हळूच सांगितलं, "काका, तुमचं नाव यादीत नाय." ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतली माणसं. आणि मत आपल्याला नाही.

दोन दिवसांनी पालखी आमच्या अंगणात आली. ढोल थांबले, गाऱ्हाणं सुरू झालं. वडिलांचं नाव घेऊन म्हणाले, त्याच्या लेकरांना जिथे असतील तिथे सुखी ठेव. सगळ्यांबरोबर मीही "व्हय महाराजा" म्हटलं. मग लक्षात आलं की मी तर इथेच उभा आहे, नारळ हातात घेऊन. देवापुढेसुद्धा मी 'जिथे असतील तिथे' मधलाच.

जमिनीचं सांगतो, कारण यात आपली फार माणसं फसतात. आमच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं आहेत. माझं वारसाने लागलेलं आहे, त्याला कायद्याची हरकत नाही. शेजारचा वाटा माझ्या चुलतभावाचा, पोफळीचं आगर. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळात निम्म्याहून जास्त माडपोफळी आडव्या झाल्या. भावाने पुन्हा रोपं लावली, पाणी घातलं, आता कुठे ती धरायला लागली. पण माडावर चढायला पाडेली मिळत नाही, सुपारी सोलायला माणूस नाही, त्याची पाठ दुखते. त्याने आगर विकायला काढलं आहे. मी लगेच म्हटलं, मी घेतो. वकिलाने थांबवलं. ओसीआयला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही मिळत नाही. फक्त वारसाने येते. आणि असलेली विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. गावठाणातलं घर किंवा दापोलीत फ्लॅट घ्यायला आडकाठी नाही. पण आजोबांनी लावलेल्या आगराचा दुसरा तुकडा मला घेता येणार नाही. तो बहुधा रिसॉर्टवाल्याकडे जाईल.

आता तो हर्णैचा. शाळेत माझ्या बाकावर बसायचा. १९७८ला कुवेतला गेला. १९९०च्या युद्धात अम्मानला पोचून तिथून एअर इंडियाच्या विमानाने घरी आला, पुन्हा गेला, आणि २०१२ला कायमचा परतला. मी बाहेर आहे जवळजवळ तितकीच वर्षं तोही बाहेर होता. आज त्याची हापूसची पन्नास कलमं आहेत, मतदारयादीत नाव आहे, नळपाण्याच्या ठरावावर पहिली सही त्याची. मी त्याला माझं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, कुवेतवाल्यांनी आम्हाला घेतलंच नाही, म्हणून आम्ही इथले राहिलो. तुम्हाला घेतलं." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

परत भारतीय होता येतं, हेही सांगायला हवं. ओसीआय म्हणून पाच वर्षं झालेली असावीत आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेलं असावं. पण मग इथलं नागरिकत्व सोडायचं. म्हणजे नातवाच्या मुंजीला यायचं तर व्हिसाच्या मुलाखतीला उभं राहायचं आणि कोणीतरी ठरवणार की आजोबांना येऊ द्यायचं की नाही. मी तो अर्ज उघडून पाहिला आणि बंद केला.

पैशाचं थोडक्यात बोलतो. सोशल सिक्युरिटी, म्हणजे इथलं सरकारी निवृत्तिवेतन, तिकडे मिळते. मेडिकेअर, म्हणजे इथला म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा, तिकडे चालत नाही. आणि 'आजारी पडलो तर परत येऊ' म्हणून जे त्यातला पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, घेतच नाहीत, त्यांनी ध्यानात ठेवावं, उशिराच्या दर बारा महिन्यांना हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो आणि तो वाढीव हप्ता सहसा कायमचा असतो. तिकडे १ एप्रिल २०२४पासून आरोग्य विमा घ्यायला पासष्टीची वयोमर्यादा राहिली नाही, पण जुन्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. अमेरिकन नागरिक कुठेही राहिला तरी इथलं प्राप्तिकराचं विवरणपत्र सुटत नाही, आणि तिकडे वर्षात १८२ दिवस भरले की तिथलंही लागतं. परतल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं थोडी सवलत असते, ती जाण्याआधीच सल्लागाराकडून समजून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांनो, वर्षाहून जास्त बाहेर राहायचं तर आधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, काढा. बाकी हिशेब आपल्याला चांगले जमतात.

जमत नाही ते दुसरंच. आमच्या घरी यावरून तीन महिने वाद चालू आहे. ही समोर बसली आहे, तिची परवानगी घेऊन सांगतो. ही सोलापूरची. एका रात्री म्हणाली, "तुमचं तिकडे बालपण आहे. माझं तिकडे फक्त सासर आहे." लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत हिने सव्वीस माणसांचं केलं होतं. विहिरीचं पाणी, ओली लाकडं, धूर. "तुम्ही निवृत्त होऊन पडवीत बसाल. मी कुठे बसायचं? आणि तुम्ही आधी गेलात तर मी तिथे कोणाची कोण?" मी त्या रात्री आवाज चढवला. चढवायला नको होता. तिच्या एकाही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून चढला. इथल्या पुरुषांना मी हात जोडून विचारतो, गाव-गाव करताना आपण बायकोला कधी विचारलं का, की तुझं गाव कुठलं?

२०१४च्या श्रावणात वडील विहिरीपाशी घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. पाऊस कोसळत होता, गाडी आमच्या पाखाडीपर्यंत येत नाही. चुलतभावाने आणि वाडीतल्या तीन पोरांनी त्यांना आरामखुर्चीत बसवून, खुर्चीला बांबू बांधून, रस्त्यापर्यंत खांद्यावर नेलं. तिथून दापोली, मग चिपळूण. मला फोन आला तेव्हा इथे रात्र होती. मी पोचलो तिसऱ्या दिवशी. वडिलांनी डोळे उघडून मला विचारलं, "पोरांनी जेवण केलं का?" ती पोरं म्हणजे मी नव्हे, ती चौघं.

यंदा मी त्यांची चौकशी केली. एक नालासोपाऱ्याला आहे, एक दुबईला, एक पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो. चुलतभावाच्या पाठीचं मघाशी सांगितलंच. आमच्या वाडीत चौदा घरं, नऊंना कुलपं. त्यातलं एक माझं. शाळेत पटावर अकरा मुलं. हापूसच्या बागा राखायला नेपाळहून माणसं आली आहेत. आणि आपण मात्र इथे जेवणाच्या टेबलावर म्हणतो, तिकडे काय, बाई मिळते, ड्रायव्हर मिळतो. कुठून मिळतो? ज्या बाईच्या भरवशावर आपण म्हातारपण टाकणार, तिच्या मुली शिकून मुंबईला गेल्या, जायलाच हव्या होत्या. आपण तरी का गेलो?

मला मंडळींचा राग नाही, माझाही यात वाटा आहे. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण सभामंडपाला फरशी देतो, पाटीवर नाव लावतो, कार्यक्रम करतो. हक्कसोडपत्रावर सही करायला मात्र आठ-आठ वर्षं लावतो, आणि तिकडे राहणाऱ्या भावाचं घर दुरुस्तीवाचून पडतं, कारण एकोणीस सह्यांशिवाय त्याला कर्ज मिळत नाही. उमेदीची वर्षं आपण इथे दिली आणि दुखरे गुडघे घेऊन तिकडे निघालो. गावाने आपल्याला का उचलावं, याचा विचार त्या फायद्या-तोट्याच्या कागदावर मी केलाच नव्हता.

मला वाटतं, जायचंच असेल तर पंच्याहत्तरीची वाट पाहू नये. हातपाय चालतात तोवर जावं, कोणाच्या तरी उपयोगी पडावं, अकरा मुलांना गणित शिकवावं, कोणाला दवाखान्यात पोचवावं. तिथली ओळख आता नव्याने कमवावी लागेल, ती वडिलांच्या नावावर मिळणार नाही. आणि ठरवण्याआधी एक अख्खा पावसाळा तिथे काढा. मे महिन्यात फणस आणि करवंदं खाऊन ठरवू नका. दापोलीत साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वीज चार-चार दिवस नसते, कपड्यांना बुरशी येते, अंगणात शेवाळ धरतं, आणि २०११पासून चाललेलं मुंबई-गोवा रस्त्याचं काम आपली वाट पाहत असतं. त्यात रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तर कोणाला हाक मारायची, ते आधी पाहून ठेवा.

हे बोलतो आहे, पण माझं ठरलेलं नाही. नातवाला मी नावं अजून दिलेली नाहीत. तो विसरला असेल असं वाटलं होतं, तर परवा त्याने एक कागद आणून दिला, एक ते पाच आकडे लिहिलेला, पुढे मोकळी जागा. मी हर्णैच्याचं नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीवर पेन बराच वेळ धरून ठेवलं होतं.

काल रात्री चुलतभावाच्या बायकोचा फोन आला. "दादा, शाकारणीला माणूस मिळालाय, दोनच दिवस आहे. मागच्या खोलीचे वासे बदलायचे तर आत्ताच बदलायला हवेत. तुमच्यासाठी ती खोली धरू का?" मी हिच्याकडे पाहिलं. हिने माझ्या हातातून फोन घेतला आणि जावेला विचारलं, "त्या खोलीला खिडक्या किती आहेत गं?" ती म्हणाली, एकच, पण आगराकडे उघडते. ही "बरं" म्हणाली आणि फोन मला परत दिला.

माणूस सोमवारपर्यंत थांबणार आहे.