सोलापुरात छोटी गाडी घेताय? सूट विचारू नका, कोटेशन फोडून बघा

नमस्कार मंडळी!

गाडी घेतली की शेजारी, पाव्हणे, ऑफिसातले सगळे एकच विचारतात, "किती सूट मिळाली?" आणि शोरूममध्ये गेल्यावर आपणही तेच विचारतो. माझं सांगणं असं की हा प्रश्न विचारूच नका. पासिंग, विमा, सगळं होऊन गाडी दारात उभी राहीपर्यंत खिशातून एकूण किती जाणार, तो एक आकडा विचारा आणि तो कागदावर घ्या. सूट ठळक अक्षरांत वर दिसते. ती वसूल होते खालच्या बारीक ओळींमधून, तिथं फारसं कुणी बघत नाही.

त्यासाठी मी एक नमुना कोटेशन तयार केलंय. (कागद कॅमेऱ्यासमोर धरून) 1200 सीसीच्या आतली पेट्रोल गाडी, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतलेत. एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा सोडून गाडीची किंमत, 6 लाख. आरटीओ 75 हजार. विमा 41 हजार. ॲक्सेसरीज किट 18 हजार. हँडलिंग साडेसहा हजार. आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत सूट 20 हजार.

पहिली ओळ एक्स-शोरूमची. ही किंमत कंपनी ठरवते आणि ती कंपनीच्या वेबसाइटवर असते. तिथं आपलं राज्य निवडायचं आणि आजचा आकडा बघायचा. आजचा का म्हणतोय, तर 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. त्याआधी 28 टक्के आणि वर सेस होता. चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्या यात बसतात. कुणी जुनी किंमत दाखवून "सर, साठ हजार कमी झाले बघा" म्हणालं, तर ते सरकारने कमी केलेत. शोरूमने स्वतःहून किती सोडले ते वेगळं विचारा.

आता आरटीओचे 75 हजार. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स 11 टक्के. 6 लाखांवर झाले 66 हजार. नोंदणी फी 600, स्मार्ट कार्ड 200, कर्ज काढलं असेल तर बोजा चढवायचे 1500. किरकोळ सेस, टपाल धरलं तरी रक्कम सत्तर हजारांच्या आतबाहेर राहते. मग वरचे पाच हजार कशाचे? "सर, एजंटचं असतं, फाइलचं असतं," असं उत्तर येतं. शांतपणे म्हणायचं, "दादा, आरटीओची पावती जेवढ्याची येईल तेवढेच मी देणार." या एका वाक्यावर बऱ्याचदा आकडा तिथल्या तिथं खाली येतो. नंबर प्लेटचे वेगळे पैसे लावले असतील तर तेही काढायला लावा. 1 एप्रिल 2019 नंतरच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते आणि तिचा खर्च गाडीच्या किमतीत धरलेला असतो.

हँडलिंग चार्जेस हा सरकारी आकार नाही. गाडी गोडाऊनवरून शोरूमला आणायचा खर्च म्हणे. तो त्यांच्या धंद्याचा खर्च आहे, आपला नाही. स्पष्ट सांगायचं, "ही ओळ काढा."

आता विमा. इथं मी जरा थांबणार आहे, कारण बराच पैसा इथं जातो आणि नेमकं इथंच माणूस न वाचता सही करतो.

नव्या गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला हा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्याचा दर सरकार ठरवतं, कंपनी कुठलीही असो. 2022 मध्ये ठरलेल्या दराने तीन वर्षांचे 1000 सीसीपर्यंत 6521 रुपये आणि 1000 ते 1500 सीसीला 10640 रुपये, वर जीएसटी. यात घासाघीस नाही. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, तो एका वर्षाचाही घेता येतो. घासाघीस होते ती याच भागात, आणि झिरो डेप (पार्टचा घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट (इंजिनच्या नुकसानीचं कव्हर), रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी गेली तर बिलाएवढी भरपाई) असल्या जोड कव्हरमध्ये.

विमा शोरूममधूनच घ्या अशी सक्ती कुणालाही करता येत नाही. विमा नियामक इर्डाच्या नियमाप्रमाणे ग्राहक कुठूनही घेऊ शकतो. पण प्रत्यक्षात बोलणं कसं होतं?

"दादा, विमा मी बाहेरून घेणार."

"सर, मग सूट देता येणार नाही."

इथं वाद घालू नका. एवढंच म्हणा, "बरं, मग दोन कागद द्या. एक तुमच्या विम्यासकट शेवटचा आकडा, एक विम्याशिवायचा." आता तुमच्याकडे दोन बेरजा आल्या. बाहेरचा दर दुसरीत मिळवा आणि कोणती कमी होते ते बघा. कधी शोरूमचीच स्वस्त निघते, तर ती घ्या, काही हरकत नाही.

तुलना करताना एक गोष्ट मात्र सारखी ठेवा, आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम म्हणजे आयडीव्ही. नव्या गाडीला ती साधारण एक्स-शोरूमच्या 95 टक्के असते, म्हणजे आपल्या उदाहरणात 5 लाख 70 हजार. बाहेरचा एखादा विमा सहा हजारांनी स्वस्त दिसतो, पण आयडीव्ही 5 लाखच धरलेला असतो. ही स्वस्ताई नाही, त्यात तुमचं सत्तर हजारांचं संरक्षण गेलं. आणि शोरूमच्या वर्कशॉपमध्ये त्या विमा कंपनीचं कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल थेट कंपनीने भरणं, चालतं का, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.

अजून एक गोष्ट बहुतेकांकडून सुटते. जुनी कार देऊन नवी घेत असाल आणि जुन्या कारवर क्लेम घेतलेला नसेल, तर तुमचा नो क्लेम बोनस साठलेला असतो. 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून पत्र घ्या आणि नव्या कारच्या विम्याला लावा. स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात थेट तेवढे टक्के कमी होतात. एक्स्चेंजला गाडी देताना हे पत्र मागणारी माणसं फार थोडी असतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. क्लेम न घेता वर्षानुवर्षं जपून गाडी चालवायची आणि त्याचं फळ तिथंच सोडून यायचं!

एक्स्चेंजचा विषय निघालाच आहे तर, जुन्या गाडीचा सौदा आणि नव्या गाडीचा सौदा एकत्र करू नका. नव्या गाडीचा शेवटचा आकडा लिहून आल्यावरच जुनीचं नाव काढा. एकत्र केलं की जुनीला दहा हजार वाढवून देतात आणि नवीच्या सुटीतून काढून घेतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. आधी गावातल्या दोन-तीन जुन्या गाड्यांच्या डीलरकडे भाव काढून ठेवा. कंपनीचा एक्स्चेंज बोनस मिळत असेल तर तोही हिशोबात धरा. विकताना नाव ट्रान्सफर झाल्याची खात्री करा, नाहीतर दंड तुमच्याच नावावर येत राहतील.

ॲक्सेसरीज किट. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर या वस्तू बाहेरही मिळतात. काय लागतं त्याची यादी घरून करून जा, बाकी नको म्हणा. आणि "20 हजारांच्या ॲक्सेसरीज फ्री" यापेक्षा 10 हजार रोख सूट मला केव्हाही चांगली वाटते. एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र मी घ्या म्हणेन. बहुतेक कंपन्यांत ती मूळ वॉरंटी संपायच्या आत कधीही घेता येते, त्यामुळे आजच घ्यायची घाई नाही.

सरकारी नोकर, शिक्षक, बँकवाले, मोठ्या कंपनीतले लोक: ओळखपत्र घेऊन जा आणि कॉर्पोरेट डिस्काउंट आहे का विचारा. मागितल्याशिवाय तो क्वचितच मिळतो. घरात कुणी झेडपीत असेल तर गाडी त्यांच्या नावावर घेऊन फायदा होतो का, तेही बघा.

कर्जाबद्दल. "हप्ता किती बसेल?" असं विचारलं की समोरचा सात वर्षं मुदत करून हप्ता छोटा दाखवतो. 5 लाख, 9 टक्के, घटत्या शिलकीवर. पाच वर्षांना हप्ता साधारण 10380, एकूण व्याज 1 लाख 23 हजारांच्या आसपास. सात वर्षांना हप्ता 8045, पण व्याज 1 लाख 76 हजारांच्या जवळ. हप्त्यात तेवीसशेच्या आसपास वाचले आणि व्याजात त्रेपन्न हजार वाढले. आणि हेच 9 टक्के फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच, असतील तर पाच वर्षांचं व्याज होतं सव्वादोन लाख! म्हणून "फ्लॅट की रिड्युसिंग (घटत्या शिलकीवर)?" हे पहिलं विचारा. ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेने सगळे खर्च धरून वार्षिक दर एका पत्रकात द्यायचा असतो. त्या पत्रकाला "की फॅक्ट स्टेटमेंट" म्हणतात. मागून घ्या. शोरूममध्ये जाण्याआधी तुमचा पगार जिथं जमा होतो त्या बँकेचं मंजुरीपत्र खिशात असलं, तर शोरूमच्या फायनान्सवाल्याचा दरही खाली येतो.

गाडी कधी घ्यायची? पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, या दिवशी सगळ्यांनाच गाडी उचलायची असते. शोरूमला सूट द्यायची गरजच नसते. पितृपक्षात शोरूम रिकामं असतं. डिसेंबरात जुन्या वर्षाचा स्टॉक काढायचा असतो आणि त्याच वेळी आपल्याकडे धनुर्मास लागतो, लोक थांबतात. हा काळ बोलणी करायला फार चांगला. घरचे मुहूर्त पाळत असतील तर बिल आणि पासिंग डिसेंबरात करा, संक्रांत झाली की गाडी घरी आणा. सिद्धेश्वरांच्या यात्रेत मंदिरात पूजा करा, कोण अडवतंय? एक लक्षात ठेवा, डिसेंबरातली गाडी कागदावर जुन्या वर्षाची राहते. दहा वर्षं वापरणार असाल तर काही बिघडत नाही. तीन-चार वर्षांत विकायची असेल तर ती सूट विकताना परत जाते.

पुण्याहून घ्यावी का? कोटेशन जरूर मागवा, फोनवर मिळतं. तोच कागद होटगी रोडच्या शोरूममध्ये टेबलावर ठेवा. फरक दहा हजारांच्या आत असेल तर मी सोलापुरातच घेईन. कागदपत्रं, क्लेम, तक्रार, प्रत्येक वेळी अडीचशे किलोमीटर कोण जाणार? विजापूर, गुलबर्ग्याला स्वस्त मिळते असं कुणी म्हणालं तर तिकडचा रोड टॅक्स आधी विचारा, तो आपल्यापेक्षा जास्त आहे. शिवाय कर्नाटकचा नंबर घेऊन गाडी कायम इथं ठेवली तर बारा महिन्यांनंतर महाराष्ट्रात नोंदणी करावी लागते, म्हणजे इथला टॅक्स भरणं आलंच.

बुकिंगच्या पावतीवर व्हेरियंट, रंग, एकूण रक्कम आणि "बुकिंग रद्द केल्यास किती परत" हे लिहून घ्या. तोंडी शब्द सेल्समन बदलला की संपतो. शोरूमला उरलेली रक्कम भरण्याआधी तुमच्या नावाची गाडी उजेडात बघा: चासी नंबर, बनावटीचा महिना, टायर, रंग, किलोमीटर. आणि पासिंग झाल्यावर आरटीओची पावती, विम्याची पॉलिसी आणि तुमचं कोटेशन तिन्ही शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून बघा. पावतीपेक्षा जास्त घेतलेला रुपया त्याच आठवड्यात लेखी मागा, म्हणजे सेल्स मॅनेजरला तुमची फाइल आठवत असते.