हात हलला की माणूस हलला?

अध्यक्ष महाराज आणि जमलेल्या मंडळींनो,

फलकावर विषय असा लिहिलाय: ‘हौशी छायाचित्रकाराला छोट्या कॅमेऱ्यात इमेज स्टॅबिलायझेशनची गरज आहे का?’ म्हणजे हात थरथरला तरी फोटो हलू नये, यासाठी कॅमेऱ्यात असते ती सोय. बेळगावात प्रश्नचिन्ह असलेला विषय जरा जपूनच ठेवावा. आपला एक प्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय. (हशा) हा मात्र आज सुटेल, सभागृह आठपर्यंत आपल्याकडे असेल तर.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही सोय सराईतापेक्षा नवख्याला जास्त लागते. लोकांचा समज नेमका उलटा. ‘आपल्याला काय करायचंय, आपण घरगुती फोटो काढणार’ असं म्हणतात. अहो, सराईताचा कॅमेरा जड, कपाळाला टेकवलेला, सेन्सर (फोटो टिपणारी चिप) मोठा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवला तरी फोटो टिकतो. तुमचा कॅमेरा दोनशे ग्रॅमचा, तुम्ही हात लांब करून पडद्यात बघत बटण दाबणार, आत सेन्सर जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटरचा आणि झूम लांबवला की लेन्सचं तोंड एफ ६ च्या आसपास बारीक होणार (एफचा आकडा जितका मोठा तितकं तोंड बारीक). मग कुणाचा फोटो हलेल? ही सोय छोट्या कॅमेऱ्यात अगदी सुरुवातीपासून आहे बरं का. निकॉनचा झूम ७०० व्हीआर १९९४ चा, रीळ घालायचा कॉम्पॅक्ट. कॅननची बदलता येणारी पहिली आयएस लेन्स त्यानंतर, १९९५ ला आली.

आता माझी तक्रार. खोक्यावरचं स्टिकर! ‘अँटी-शेक’, ‘ब्लर रिडक्शन’, शेजारी हलत्या हाताचं चित्र. गिऱ्हाईक विचारतं, ‘स्टॅबिलायझेशन आहे का?’ दुकानदार स्टिकरवर बोट ठेवतो, ‘हे काय, लिवलंय की!’ व्यवहार संपला. खरं म्हणजे त्या स्टिकरखाली तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली ऑप्टिकल: आतला जायरो हाताची थरथर मोजतो आणि लेन्समधली एक काच उलट दिशेला सरकते. दुसरीत काच जागेवर राहते, सेन्सरच सरकतो. या दोन्ही खऱ्या. तिसरी डिजिटल. पुष्कळ जुन्या स्वस्त कॅमेऱ्यांत तिचा अर्थ एवढाच की कॅमेरा मुकाट्याने आयएसओ १०० वरून ८०० किंवा १६०० वर नेतो आणि शटर जलद होतं. काहीही स्थिर होत नाही! हलणं कमी झालं म्हणून तुम्ही खूश, आणि घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघता तर आजीच्या इरकली लुगड्याचा काठ धुऊन निघालाय, रंगांचे नुसते ठिपके. ही गोष्ट तुम्ही मेन्यूत स्वतःच्या हाताने केली असती तरी जमली असती, फुकट. व्हिडिओतला डिजिटल प्रकार कडा कापतो, चौकट अरुंद होते. तिथे निदान थोडाफार उपयोग आहे. तेव्हा खोक्यावर ‘ऑप्टिकल’ किंवा ‘सेन्सर-शिफ्ट’ हे शब्द शोधा. ते नसतील तर स्टिकरचे पैसे देऊ नका.

दुकानातच तपासता येतं. झूम पूर्ण लांबवा, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर धरा, सोय बंद करून पाच फोटो, चालू करून पाच. पडद्यावर मोठं करून तारखा वाचा. बंद असताना पाचांतले चार हलले आणि चालू असताना पाचांतले चार नीट आले, तर स्टॅबिलायझेशनचं यंत्र खरं. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या, चहा तोच पाजणार आहे.

दुसरी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. ‘फोटो हलला’ म्हणतो तेव्हा हललं कोण? शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा रात्रीचा फोटो घ्या. रोषणाईचे दिवे बघा. प्रत्येक दिव्याची सारखीच वेडीवाकडी रेघ झाली असेल तर हात हलला. दिवे ठिपक्यासारखे स्वच्छ, पण लेझीमवाल्या पोरांचे हात गायब, तर पोरं हलली. मागचा फलक धारदार आणि पुढचे चेहरे मऊ, तर फोकस चुकला. मधल्या दिव्यांचे ठिपके नीट आणि कोपऱ्यांतल्यांच्या कमानी झाल्या असतील तर बटण दाबताना कॅमेरा स्वतःभोवती फिरला. लेन्समधली काच हे फिरणं आवरू शकत नाही. सरकणारे काही सेन्सर आवरतात. या चारांपैकी स्टॅबिलायझेशनचं औषध हमखास लागू पडतं ते पहिल्यालाच, आणि सेन्सर तसा असेल तर चौथ्याला. लेझीमच्या हाताला शटर १/२५० सेकंद तरी हवं, ते स्टॅबिलायझेशन कुठून आणणार? आणि छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे पोचत नाही. रस्त्यापलीकडच्या चित्ररथावर तो उडवून फक्त पुढच्या माणसाचं टक्कल उजळतं. (हशा)

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता धावत.

हिशेब असा. हातात धरून सुरक्षित शटर म्हणजे ३५ मिमीच्या (जुन्या रिळाच्या) हिशेबातल्या झूमच्या आकड्याचा व्यस्तांक, सेकंदांत. २८ ला १/३०, ३०० ला १/३००. एक स्टॉप म्हणजे वेळ दुप्पट. चांगलं ऑप्टिकल यंत्र दोन-तीन स्टॉप देतं, खोक्यावर याहून जास्त लिहिलेलं असतं.

आपल्या किल्ल्यातली कमलबस्ती घ्या, १२०४ चं जैन देऊळ. गाभाऱ्यापुढच्या अंधारात छताचं दगडी कमळ, फ्लॅश नको. आयएसओ ४००, एफ २.८, शटर १/८ आलं समजा. १/३० पासून १/८ म्हणजे दोन स्टॉप. यंत्र असेल तर फोटो हाती लागतो, कारण कमळ हलत नाही. नसेल तर आयएसओ १६००, आणि पाकळ्यांची कोरणी पुसट. इथे घ्याच.

गोकाकचा धबधबा, पावसाळी दुपार, ३०० चा झूम. ढगाळ उजेडात एफ ५.६, आयएसओ १०० ला १/१२५ मिळतं. आयएसओ ४०० करा, १/५०० झालं, यंत्राशिवाय भागलं. तोच धबधबा दिवेलागणीला: आयएसओ ४०० ला १/६० पण मुश्किलीने. इथे यंत्र हवंच.

घरातलं बारसं, शाळेचं स्नेहसंमेलन, नाचणारी पोरं: यंत्राचा उपयोग नाही. पैसे एफ १.८ किंवा एफ २ च्या लेन्सवर घाला, किंवा खिडकीजवळ जा.

म्हणजे उत्तर: झूम पाचपटीहून जास्त असेल तर ऑप्टिकल यंत्राशिवाय कॅमेरा घेऊच नका. तीनपटीचा असेल आणि फोटो दिवसाउजेडीचे, माणसांचे असतील, तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका. देवळं, लेणी, संग्रहालयं फिरणाऱ्याने कसाही झूम असला तरी घ्यावं.

ज्यांच्याकडे नाही त्यांनी कोपर बरगड्यांना टेकवा, गळ्यातला पट्टा ताणून धरा, श्वास अर्धा सोडून बटण दाबा. खटकन दाबू नका, अर्धं दाबून थांबा, मग उरलेलं. सलग तीन फोटो घेतले की मधला बहुधा सर्वांत धारदार, कारण पहिल्यात दाबण्याचा आणि शेवटच्यात सोडण्याचा धक्का असतो. कठड्यावर किलोभर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा बसवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. १/२ सेकंदही निघतो.

ज्यांच्याकडे आहे त्यांनी अर्धं बटण दाबून अर्धा सेकंद थांबावं, जायरोला सावरायला वेळ द्यावा. मेन्यूत ‘सतत’ आणि ‘फक्त फोटोच्या क्षणी’ असे दोन पर्याय असतील तर दुसरा घ्या: बॅटरी वाचते आणि काच मधोमध असतानाच काम सुरू करते. ट्रायपॉडवर यंत्र बंद. हलणं नसताना जुनी यंत्रं स्वतःच डुलायला लागतात आणि स्थिर कॅमेऱ्यातून पुसट फोटो येतो.

व्हिडिओचं राहिलंच. ज्यांनी कॅमेरे आणलेत त्यांनी पुढच्या टेबलाशी या, आधी मेन्यू उघडून ठेवा.